दोहाची ती मध्यरात्र: दमट उकाड्यातल्या मॅरेथॉनचा प्रकरण अभ्यास

मुंबई, ठाणे, अलिबाग, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात मे-जूनमध्ये लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) करणाऱ्या प्रत्येकाने 2019 च्या दोहा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन नीट अभ्यासावी, असं मी माझ्याबरोबर सराव करणाऱ्यांना सांगत आलो आहे. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफसाठी किंवा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी जो पाया घालायचा, तो आपल्याला ऐन उकाड्यात आणि त्यानंतरच्या चिकचिकीत घालावा लागतो. त्या काळात शरीरावर काय गुदरतं, हे दोहाइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. जगातल्या अव्वल धावपटू होत्या, रस्ता सपाट होता, ऊन नव्हतं, आणि तरीही निम्म्याच्या जवळपास बायका अंतिम रेषेपर्यंत पोचल्या नाहीत.

काय घडलं

कतारमध्ये सप्टेंबरअखेरीला दिवसा पारा चाळिशीच्या आसपास असतो. ट्रॅकवरच्या शर्यती खलिफा स्टेडियममध्ये होत्या आणि ते स्टेडियम वातानुकूलित होतं. मॅरेथॉन आत होऊ शकत नाही. म्हणून ती समुद्रालगतच्या कॉर्निश रस्त्यावर, साधारण सात किलोमीटरच्या लूपवर सहा फेऱ्यांची ठेवली आणि सुरुवातीची वेळ दिली रात्री 11 वाजून 59 मिनिटांची. तारीख 27 सप्टेंबर. मॅरेथॉनच्या जागतिक स्पर्धेला मध्यरात्रीची वेळ देण्यामागचा हेतू सरळ होता: सूर्य टाळायचा.

सूर्य टळला. सुरुवातीला तापमान होतं 32.7 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 73.3 टक्के. शर्यत घ्यायची की नाही यावर त्या दिवशी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेत खल झाला आणि घ्यायचं ठरलं. 68 जणी धावल्या, 40 पोचल्या, 28 जणींनी वाटेत सोडलं. इथिओपियाच्या तिन्ही धावपटू सोडणाऱ्यांत होत्या. लूपचा रस्ता असल्यामुळे काय चाललंय ते प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं: कडेला बसलेल्या धावपटू, व्हीलचेअर, स्ट्रेचर, मान आणि मनगटांवर बर्फ धरून उभे असलेले वैद्यकीय कर्मचारी. पाचव्या आलेल्या बेलारूसच्या वोल्हा माझुरोनाकने नंतर उघडपणे संताप व्यक्त केला. निर्णय घेणारे गारव्यात झोपलेत आणि धावपटूंना इथे पळवलं जातंय, असा तिचा रोख होता. मला तो राग पूर्ण योग्य वाटतो. रात्रीची वेळ निवडणाऱ्यांनी तापमानाचा विचार केला, घाम कसा सुकणार याचा केला नाही.

जिंकली केनियाची रुथ चेपनगेटिच, 2 तास 32 मिनिटं 43 सेकंदांत. जागतिक स्पर्धेच्या इतिहासात महिलांच्या विजेतीची ही सर्वांत संथ वेळ. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत ती 2:17:08 धावली होती. म्हणजे दुबईत किलोमीटरला 3 मिनिटं 15 सेकंद, दोहात 3 मिनिटं 37. दर किलोमीटरला 22 सेकंद सोडून ती सुवर्णपदक घेऊन गेली. (2025 मध्ये चेपनगेटिचवर उत्तेजक प्रकरणी तीन वर्षांची बंदी आली, त्यामुळे तिच्या कुठल्याही आकड्याकडे आज थोडं सावधपणे बघावं लागतं. या अभ्यासात मला तिच्यापेक्षा तिच्या मागून आलेल्यांत जास्त रस आहे.)

मागून आलेल्या

बहरीनची रोझ चेलिमो दुसरी आली, 2:33:46. ती 2017 ची विश्वविजेती. तिसरी नामिबियाची हेलालिया योहानेस, 2:34:15, वय 39. चौथी केनियाची एडना किप्लागट, 2:35:36, तीही 39 वर्षांची, 2011 आणि 2013 ची विश्वविजेती. सहावी अमेरिकेची रॉबर्टा ग्रोनर, 2:38:44, वय 41, तीन मुलांची आई आणि पूर्णवेळ नर्सची नोकरी करणारी.

पहिल्या सहांत तिघी एकोणचाळीस किंवा त्याहून जास्त वयाच्या. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. योहानेस एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेची मॅरेथॉन जिंकली होती, तीही उकाड्यातली, 2:32:40 मध्ये. दोहातली तिची वेळ त्याहून दीड मिनिटाने जास्त. या बायकांना स्वतःचा वेग किती पडू द्यायचा हे अनुभवाने ठाऊक होतं आणि तो पडू द्यायला त्यांची हरकत नव्हती.

ग्रोनरचं उदाहरण आपल्याला सगळ्यांत जवळचं. तिची त्या वर्षीची सर्वोत्तम वेळ रॉटरडॅमची, 2:29:09, म्हणजे किलोमीटरला 3:32. दोहात 3:46. चौदा सेकंदांचा फरक. तिच्याहून कितीतरी वेगवान बायका त्या रात्री रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. पहाटे उठून धावायचं, मग कामावर जायचं, संध्याकाळी घर बघायचं, असं आयुष्य असलेली बाई जगात सहावी आली. आमच्या ग्रुपमध्ये बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांना मी चेपनगेटिचची नाही, ग्रोनरची गोष्ट सांगतो.

आठ दिवसांनी, तोच रस्ता

5 ऑक्टोबरला पुरुषांची मॅरेथॉन झाली. वेळ तीच, लूप तोच. पारा 29 च्या आसपास, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. 73 धावले, 55 पोचले. इथिओपियाचा लेलिसा डेसिसा 2:10:40 मध्ये जिंकला. पहिले चौघे अवघ्या 17 सेकंदांत आले. आपला केरळचा टी. गोपी 2:15:57 मध्ये 21 वा आला. त्याची सर्वोत्तम वेळ 2:13:39 होती, म्हणजे त्याने जेमतेम सव्वादोन मिनिटं गमावली.

आता हे दोन दिवस शेजारी ठेवून बघा. तापमानात फरक साडेतीन-चार अंशांचा. तेवढ्याने एका रात्री दहातल्या चार जणी बाहेर पडतात आणि दुसऱ्या रात्री चारांतला एक? उलगडा दवबिंदूत आहे. हवा गार होत जाताना ज्या तापमानाला पूर्ण ओली होते, तो दवबिंदू. तो जितका वर, तितका घाम सुकणं कठीण. महिलांच्या रात्री तो 27 अंशांच्या थोडा वर होता, पुरुषांच्या रात्री 17-18. तब्बल नऊ-दहा अंशांची तफावत. हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपवर हा आकडा असतो, पण लोक बघतात तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी. टक्केवारी एकटी फसवी असते, कारण 20 अंशांना 80 टक्के आणि 32 अंशांना 80 टक्के या दोन अगदी वेगळ्या हवा आहेत.

धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा सुमारे चौथा-पाचवा हिस्सा पाय पुढे टाकण्यात जातो, बाकी सगळी उष्णता. 55 किलोची धावपटू अडीच तासांच्या वेगाने पळत असेल तर तासाला साधारण सातशे किलोकॅलरी उष्णता तिला अंगाबाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला सव्वा लिटर घाम नुसता येऊन चालत नाही, तो सुकायला हवा. नाकाच्या शेंड्यावरून, कोपरांवरून जो टपटप गळतो, त्याने पाणी आणि मीठ जातं, गारवा काही मिळत नाही. ढोबळ हिशेब केला तर त्वचेवरचा घाम ओढून घेण्याची हवेची ताकद पुरुषांच्या रात्री महिलांच्या रात्रीपेक्षा पावणेदोनपट होती.

उरतो एकच उपाय, कमी उष्णता तयार करणं. म्हणजे हळू धावणं. टोपीत बर्फ, गळ्यात ओला रुमाल, डोक्यावर पाणी हे सगळं त्या रात्री जवळजवळ प्रत्येकीने केलं आणि ते करावंच. पण त्याने मिळते ती थोडी मुदत. उष्णतेचा कारखाना मांड्यांत आहे आणि त्याचा वेग धावणारीच ठरवते.

मुंबईची पहाट

इथे आपला विषय सुरू होतो. मुंबईत मे-जूनच्या पहाटे तापमान 27-28 अंश आणि दवबिंदू साधारण 24 ते 26 असतो. दोहाच्या त्या रात्रीपेक्षा दोन-तीन अंशांनीच कमी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा मुंबईच्या कितीतरी वर असतो, पण पहाटे हवा कोरडी आणि गार होते, घाम अंगावर टिकतच नाही. नागपूरकर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसतो, तरी सकाळी साडेपाचला अंबाझरीला धावताना त्याचा घाम सुकतो. म्हणून पुण्याहून बदली होऊन मुंबईला आलेला धावपटू पहिल्या रविवारी गोंधळतो. तोच पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ), तेच अंतर, आणि बारा-तेरा किलोमीटरनंतर छातीचे ठोके ऐकू येतात, बुटातून पचपच आवाज यायला लागतो. त्याला वाटतं फिटनेस गेला.

पहाटे चारला उठणं बरोबरच आहे, कारण ऊन टळतं आणि रहदारीही. पण किनाऱ्यावर दवबिंदू दिवसभरात फारसा हलत नाही. चारला निघालो म्हणजे नेहमीच्या पेसने धावायची मुभा मिळाली, ही समजूत तीच आहे जी दोहाच्या आयोजकांची होती.

मग मे-जूनमध्ये लाँग रन कसा करायचा? माझं मत ठाम आहे: घड्याळावरचा पेस बघणं त्या काळात बंद करावं. श्रमावर धावावं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हृदयगती मोजत असाल तर जानेवारीत लाँग रनला ती जिथे असते तिथेच ठेवावी आणि पेस जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावा. किलोमीटरला सहा मिनिटांनी धावणारा पावणेसात, सातवर येईल. शेवटच्या तासात त्याच पेसला ठोके चढत जातात, कारण रक्त कातडीकडेही पाठवायचं असतं आणि घामाने त्याचं प्रमाणही घटलेलं असतं. तेव्हा ठोके धरून ठेवायचे, पेस आणखी सोडायचा, लागलं तर मिनिटभर चालायचं. चालण्यात कमीपणा वाटणारे बरेच भेटतात. त्यांना मी दर किलोमीटरला 22 सेकंदांचा हिशेब दाखवतो.

मार्गही तसा आखावा. एकाच दिशेने पंधरा किलोमीटर जाऊन परत यायचं, हे उकाड्यात टाळावं. तीन-चार किलोमीटरचा लूप घ्यावा, म्हणजे पाणी, इलेक्ट्रल आणि बर्फाचा डबा एका जागी ठेवता येतो आणि कुणाला बरं वाटेनासं झालं तर तो कुणापासूनही फार दूर नसतो. ठाण्यात आम्ही उपवनच्या बाजूला असंच करतो. कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत थर्मास असतो, त्यात बर्फ आणि छोटे नॅपकिन. एक नॅपकिन मानेवर, लूप संपला की परत थर्मासमध्ये. झाडं असलेला रस्ता सावलीसाठी बरा वाटतो, पण तिथे वारा अडत असेल तर मला समुद्राकडचा उघडा रस्ता पहाटेच्या अंधारात जास्त आवडतो. वारा घाम उडवतो.

वेगाचा सराव पूर्ण बंद करायची गरज नाही. लहान तुकडे घ्यावेत, मधली विश्रांती नेहमीपेक्षा लांब ठेवावी, किंवा आठवड्यातला तो एक दिवस एसी जिममधल्या ट्रेडमिलवर करावा. टेम्पो रन मात्र, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटं सलग दामटणं, जून संपेपर्यंत दमट हवेत करू नये. त्यातून जी थकावट येते ती पुढचे तीन दिवस खाते.

शरीर शिकतं ते

उकाड्यात धावलेले हे संथ किलोमीटर वाया जात नाहीत, आणि हे मी धीर देण्यासाठी सांगत नाही. उष्णतेत नियमित सराव केला की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे त्याच श्रमाला ठोके कमी पडतात. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ घटतं. शरीराचं आतलं तापमान विश्रांतीतही किंचित खाली येतं. थंड देशातले खेळाडू यासाठी खास खटाटोप करतात. सरावानंतर 40 अंशांच्या गरम पाण्यात चाळीसेक मिनिटं बसण्याचा प्रयोग ब्रिटनमधल्या संशोधकांनी केला आणि सहा दिवसांत फरक दिसला. स्कॉटलंडचा कॅलम हॉकिन्स गोल्ड कोस्टच्या त्याच राष्ट्रकुल मॅरेथॉनमध्ये सुमारे दोन मिनिटांची आघाडी असताना, दोनेक किलोमीटर उरले असताना रस्त्यावर कोसळला होता. दोहाच्या आधी उकाड्याची सवय हा त्याच्या तयारीचा भाग होता, आणि तिथे तो 2:10:57 मध्ये चौथा आला.

आपल्याला ही सवय घरबसल्या मिळते, पण आपोआप मिळते असं समजू नये. रात्रभर एसी, गाडीत एसी, ऑफिसात एसी, आणि आठवड्यातून एकदा रविवारी तीन तास घामात, याने शरीर शिकत नाही. आठवड्यात चार-पाच दिवस तासभर तरी घाम यायला हवा. गावी किंवा थंड हवेच्या ठिकाणी दोन-तीन आठवडे राहून आलात तर बराचसा फायदा ओसरतो, तेव्हा परतल्यावर पहिला आठवडा पुन्हा हळू. आणि या शिकण्याला एक कमाल मर्यादा आहे. दवबिंदू 27 वर गेला की शरीर कितीही तयार असो, जास्तीचा घाम सुकायला जागाच उरत नाही. चेपनगेटिच दोहाची विजेती, पण 2021 च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये तिने वाटेत सोडलं. तीही शर्यत दोहाचा धडा घेऊन टोकियोहून उत्तरेला साप्पोरोला हलवली होती, तिथेही उकाड्यामुळे ऐनवेळी सुरुवात तासभर अलीकडे आणावी लागली.

पाणी, मीठ आणि धोका

लाँग रनच्या आधी आणि नंतर कपडे उतरवून, अंग पुसून वजन करावं. किलोभर घट म्हणजे ढोबळमानाने लिटरभर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवायचं. दोन-तीन रविवार हे केलं की आपला घामाचा दर कळतो. दोन टक्क्यांपर्यंतची घट चालते. वजन वाढलेलं दिसलं तर ती घटीपेक्षा गंभीर बाब आहे: नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 जणांपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं, दोन तासांपलीकडे इलेक्ट्रल किंवा ओआरएस ठेवावं. कोकम सरबतात मीठ घालून नेणारे आमच्याकडे आहेत आणि ते उत्तम चालतं.

उष्माघाताबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: अंग कोरडं पडलं तरच उष्माघात. धावणाऱ्याला होणाऱ्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. खूण डोक्यात दिसते. माणूस चिडचिडा होतो, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतो, झोकांड्या खातो, आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येत नाही. आतलं तापमान चाळिशी ओलांडून गेलेलं असतं. अशा वेळी रिक्षा शोधण्यात मिनिटं घालवू नयेत. एकाने 108 ला फोन लावावा आणि बाकीच्यांनी त्याच जागी त्याला गार करावं: सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, असेल नसेल तेवढं गार पाणी अंगभर ओतत राहावं, बर्फ काखेत, मानेवर आणि जांघेत, जोराने वारा घालावा. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत त्यात. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस सहसा वाचतो. आधी गार करणं, मग हलवणं, हा क्रम जगभरच्या शर्यतींतले डॉक्टर पाळतात.

किनारपट्टीवर आता पावसाळ्याच्या आगेमागेही शर्यती होतात. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारावं: वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचा टब आहे का, आतलं तापमान गुदद्वारातून मोजायचा थर्मामीटर आहे का, आणि दवबिंदू किती झाला तर अंतर कमी करणार किंवा शर्यत रद्द करणार हे आधी ठरवलंय का. टीशर्टचा रंग आणि मेडलचं वजन यावर पानभर लिहिणाऱ्या आयोजकांना या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी द्यायला काहीच अडचण नसावी. मिळाली नाहीत तर त्या रविवारी आपला लूप, आपला थर्मास आणि आपली माणसं घेऊन धावावं.